जक्कय अजून झाडावरच

या, जरा जवळ सरकून बसा. गोष्ट एका गेलेल्या आवाजाची आहे, तेव्हा ती मोठ्यानं सांगून चालायची नाही. पण सांगेन ती पुरती सांगेन, मध्ये सोडून उठणार नाही. मध्येच सोडलेल्या गोष्टीनं एका अख्ख्या गावाला कसा घोर लावला, तेच तर तुम्हांला ऐकवायचं आहे.

फुलसावंगीच्या पुढे सोयाबीनच्या वावरांतून एक रस्ता आत वळतो. त्या रस्त्यावरच्या गावात शमुवेलबुवा राहतात. गावाचं नाव सांगत नाही, गावाला आवडायचं नाही. बुवा दिवसभर शिलाईची मशीन चालवतात. डोक्याला फेटा, गळ्यात उपरणं आणि हातात चिपळ्या आल्या, की प्रभू येशूचं कीर्तन करतात. गावात ख्रिस्ती घर एवढं एकच. रविवारी बुवा आणि त्यांची बायको नलूबाई जीपनं तालुक्याला उपासनेला जातात आणि येताना बाजार करून येतात.

बुवांचा जीव मोठा भाबडा. आपल्याला मिळालेली गोड गोष्ट चारचौघांना सांगावी, याची त्यांना भारी हौस. गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेता घेता ते हळूच एखादं वचन सांगायचे. सदरा तयार झाला की घडीत एक पत्रक ठेवून द्यायचे. लोकही चांगले. सदरा न्यायचे, पत्रक न्यायचे आणि पुढच्या खेपेला येऊन सांगायचे, की बुवा, सारं छान आहे, पण काजं ढिली झाली.

बुवांचं खरं दुखणं निराळंच होतं. त्यांचं कीर्तन राळेगावपासून दारव्ह्यापर्यंत गाजलेलं, पण गाजलं ते ख्रिस्ती मंडळीतल्या लोकांत. ज्यांनी ती गोष्ट पाळण्यात ऐकली, त्यांनाच ती पुन्हा ऐकवायची. बुवा म्हणायचे, "आखरीले काय होते हे ऐकणाऱ्याले माहीतच नाही, असा एक गाव मले भेटला पाहिजे." असा गाव त्यांना शेवटी भेटला. तो त्यांचाच होता.

झालं असं, की यंदा सोयाबीन बरं उतरलं. ट्रॅक्टर आणि थ्रेशर बाळगून असलेला रूपसिंग खुशीत होता. तो पायजम्याचं माप द्यायला आला आणि बोलता बोलता म्हणाला, की बुवा, तुम्ही साऱ्या मुलखात गाता, आपल्या चौकात एक दिवस होऊन जाऊ द्या. बुवांच्या हातातली टेप खाली पडली. त्या दिवशी त्यांनी रूपसिंगच्या कमरेचं माप लिहिलं ते बहुतेक बैलाचं असावं, कारण पायजमा पुढे दोघांना पुरला असता.

कथा ठरली बायबलातल्या जक्कयाची. चौकात मोठं उंबराचं झाड आहे, आणि शास्त्रातला जक्कयही उंबरावरच चढला. बुवांना वाटलं, प्रभूनं हे झाड याच दिवसासाठी वाढवून ठेवलं.

दिवेलागणीला लोक जमले. मोटारसायकली दुरुस्त करणारा जफर आपला भोंगा आणि अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आला. सतरंज्या भरल्या. मागे रूपसिंगच्या ट्रॉलीच्या दांड्यावर एकटी भुरीबाई टेकली होती. तिला सतरंजीवर जागा नव्हती अशातला भाग नाही, ती आली की सतरंजीवरच्या बायका जरा पसरून बसत. भुरीबाईनं गावाच्या कडेला बरीच वर्षं मोहाची दारू गाळली होती. पुढे भट्टी मोडली, शेळ्या पाळल्या, पण गावानं काही तिला सोडलं नाही. तिच्या दारात कोणी जात नसे, तिच्या घरचं पाणी कोणी पीत नसे. गावातल्या घरोघरी ज्यांचं पत्रक पोचलं, ते शमुवेलबुवाही तिच्या घरापुढून जाताना सायकलीला एक पायडल जास्त मारायचे.

बुवांची एक खोड होती. पूर्वार्धातच कथेला हात घालायचा, ऐन मोक्याला तोडायची आणि चहाला सोडायचं. लोकांना तळमळत ठेवण्यात त्यांना फार आनंद. त्या दिवशी तर त्यांना रंगच चढला. यरीहो शहर त्यांनी असं उभं केलं, की लोकांना ते महागावच्या अलीकडेच कुठंतरी आहे असं वाटलं. जकात वसूल करणारा जक्कय बुटका, पैसेवाला आणि साऱ्या गावाच्या डोळ्यांत खुपणारा. त्याच्या घरी कोणी जाईना, त्याच्या ताटाला कोणी बसेना. अशात येशू त्या वाटेनं येतो. गर्दीत बुटक्याला काही दिसेना, म्हणून तो उंबरावर चढतो. बुवांनी चौकातल्या झाडाकडे हात केला आणि साऱ्या गावानं मान वर केली. झांज मंद झाली. बुवा गाऊ लागले,

"पानाआड दोन डोळे,
वाट पाही मुक्यानं,
कोण हाक देई त्याला
नाव घेऊन, नाव घेऊन..."

बुवांनी 'घेऊन' वर लांब तान घेतली आणि डोळे मिटले. त्याच वेळी पलीकडच्या खळ्यात रूपसिंगचा थ्रेशर शेवटच्या ढिगावर धडधडत होता. 'एवढाच राह्यला, आत्ता बंद करतो' असं रूपसिंग दिवसभर म्हणत होता. वारा फिरला. सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे भुशाचा, एक सोनेरी ढग चौकावरून तरंगत आला, दिव्यांच्या उजेडात मोठा सुंदर दिसला आणि बुवांच्या उघड्या तोंडात शिरला.

बुवा खोकले. हात वर करून त्यांनी चहाची खूण केली. लोकांना वाटलं, काय कसब आहे माणसाचं, अगदी नेमक्या जागी तोडलं.

चहा झाला. बुवा उभे राहिले, तोंड उघडलं, ओठ हलले आणि भोंग्यातून काहीच आलं नाही. जफर धावला. त्यानं वायर काढून फुंकली, परत लावली आणि बुवांना 'हॅलो' म्हणायला सांगितलं. बुवांनी म्हटलं. काही नाही. जफरनं अ‍ॅम्प्लिफायर उलटा केला, चार स्क्रू काढले, एका तारेला डाग दिला. दुसरा माइक आणला. गाव श्रद्धेनं बघत होतं. शेवटी जफरनं आपला कान बुवांच्या तोंडाला लावला, थोडा वेळ ऐकलं आणि माइकवर गावाला सांगितलं, "मशीन बराबर हाये. बुवाजीच बंद पडले."

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं आणि बजावलं, की आवाज आपला आपण येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, कुजबूजसुद्धा नाही. बुवांनी मान हलवली. त्यांच्या घरात इतकी शांतता नांदली, की नलूबाईला शेजारच्यांच्या शेळीचं रवंथ ऐकू यायला लागलं.

पण गावात शांतता नव्हती. माणूस झाडावर चढवून ठेवलेला, आणि पुढे काय झालं कोणालाच ठाऊक नाही. पानटपरीवर तोच विषय. जफर म्हणाला, मी मोबाइलवर पाहून सांगतो, त्यात सारं असतं. रूपसिंगनं त्याला तिथंच थांबवलं.

"मोबाइलचं काम नाही. ज्यानं चढवला त्यानंच उतरवला पाहिजे. रविवारपोतर थांबू."

हा निकाल साऱ्यांना पटला. तो सर्वांत जास्त पटला बुवांना. कारण घरी नलूबाई कंबर कसून उभी होती. ती म्हणाली, "तीस वर्सं ऐकून राह्यले मी तुमचं. अर्ध्या घडीत सांगून येते चौकात. लोकायचा जीव कायले टांगून ठेवता?" बुवांनी दोन्ही हात जोडले आणि डोळ्यांनी अशी काही विनवणी केली, की नलूबाई पदर तोंडाला लावून आत गेली. तिला कळलं होतं. उत्तरार्धातली चाल बुवांनी स्वतः बांधली होती. येशू वर पाहतो, नाव घेऊन हाक मारतो, म्हणतो, लवकर खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. तिथं बुवा असा सूर लावायचे, की तालुक्याच्या चर्चचे पाळकही चष्मा पुसायचे. पाळकांना तर शेवट ठाऊक होता. ज्याला ठाऊकच नाही, असा गाव आयुष्यात एकदा भेटलेला. तो सूर बायकोच्या हातून भाजीसारखा वाटून टाकायचा? बुवांचा जीव होईना.

आणि मग त्या मुक्या दुपारी सुरू झाल्या. मशीनवर बसलं की कापूस वेचणीचे दिवस असल्यानं हवेत पांढरे तंतू तरंगत यायचे आणि बुवांच्या सुईवर, भुवयांवर उतरायचे. बोलणं नाही म्हणून झोपेला आडकाठी नाही. बुवा डुलकी घ्यायचे आणि डुलकीत चौकातला उंबर दिसायचा. फांदीवर जक्कय बसलेला, पाय खाली सोडून. धोतर नेसलेला, डोक्याला टापरं बांधलेलं, अगदी इकडचाच.

"बुवा, पाय आकडले माहे. उतरू का?"

बुवा स्वप्नातही बोटानं थांब म्हणायचे.

"थांबतो. तुमाले राग नाई ना येऊन राह्यला? नाई मनजे, मी आपला इचारतो. इकून तुमचं घर चांगलं दिसते." असं म्हणून तो एक उंबर तोडायचा, फोडायचा, आत किडे आहेत का पाहायचा आणि खायचा. बुवा जागे व्हायचे ते डोळे पुसत. एकदा तर त्यांनी उठून चौकात जाऊन झाडावर पाहिलंही. त्यांना पाहून आणखी चौघांनी पाहिलं, आणि टपरीवर बातमी गेली, की बुवा झाडाकडे बघत होते, म्हणजे तो अजून वरच आहे.

तिथंच बुवांची पहिली चूक झाली. चार जणांनी घेरलं, बुवा, एवढं तरी सांगा, उतरला की नाही. बुवांना दया आली. सूर राखून नुसती खूण द्यायला काय हरकत, असं वाटून त्यांनी हात उंच नेला, झरकन खाली आणला आणि आनंदानं टाळी वाजवली.

चौघं एकमेकांकडे पाहत राहिले. मग रूपसिंग हळू आवाजात म्हणाला, "पडला."

संध्याकाळपर्यंत गावात दोन पक्ष झाले. एक म्हणे पडला, उंबराची फांदी ठिसूळच असते. दुसरा म्हणे, अजून वरच आहे, पडला असता तर बुवांनी टाळी कशाला वाजवली असती. पडल्याच्या पक्षात पुन्हा पाय मोडला की कंबर, यावर वाद. जफरच्या दुकानात पंक्चर काढायला आलेल्या परगावच्या माणसानं विचारलं, की तुमच्या गावात झाडावरून कोण पडलं म्हणतात, दवाखान्यात नेलं का. कोणीतरी उंबराखाली पाण्याचा तांब्या भरून ठेवला. कोणी ठेवला ते कळलं नाही, पण सकाळी तो रिकामा होता, आणि शेळ्यांचं नाव घ्यायला कोणी तयार नव्हतं.

भुरीबाई बुवांच्या फाटकाशी आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. आत आली नाही. बाहेरूनच फाटकाला धरून उभी राहिली.

"बुवा, पडला मंतात लोक. खरं हाये का?"

बुवांनी जोरजोरानं मान हलवली, नाही.

"मंग अजून वरच हाये?"

नाही.

"पडला नाई, वर नाई. मंग कोठी हाये बिचारा?" तिनं थोडा विचार केला आणि आवाज खाली आणला. "मले बाकी काही नका सांगू. त्याच्या घरी कोनी गेलं का नाई, तेवढंच सांगा."

बुवांचे हात मांडीवरच राहिले. एक मान हलवली असती तर झालं असतं. होय, गेलं. प्रभूच गेला. पण ती मान म्हणजेच तर सारा उत्तरार्ध होता, त्यातली ती चाल, तो सूर. बुवांनी तळहात पुढे केला. थांब. रविवारी.

"बरं," भुरीबाई म्हणाली. "थांबतो. आजपोतर थांबलोच." आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती एक बाटली घेऊन आली. अडुळसा, आलं, ज्येष्ठमध, रात्रभर आटवलेला काढा, बुवांच्या घशासाठी. फाटकावर ठेवून गेली. बुवांनी बाटली पाहिली. बाटली जुन्या धंद्यातली होती, हे साऱ्या गावानं ओळखलं असतं. त्यांनी बूच काढलं, हुंगलं, आणखी एकदा हुंगलं आणि मनाची खात्री होईना, म्हणून काढा पपईच्या बुडाशी ओतला. नलूबाई दारातून बघत होती.

"काढ्यात काय हाये ते पेल्यावर समजते. पपईले काय समजते?" एवढं म्हणून ती भाकरी थापायला बसली. त्या दिवशी बुवांना भाकरी करपलेली मिळाली, आणि ती चुकून करपली होती असं त्यांनाही वाटलं नाही.

भुरीबाई रिकामी बाटली न्यायला आली तेव्हा पपईखालच्या मातीवर अडुळशाचा चोथा पडलेला होता. तिनं पाहिलं. बाटली उचलली, पदरानं पुसली आणि गेली. त्यानंतर ती फाटकाशी आली नाही. त्या दुपारी बुवांच्या डुलकीत उंबर आला, पण जक्कय पाठमोरा बसला होता, काही बोलला नाही.

रविवार उजाडला. जफरनं मोटारसायकलीला भोंगा बांधून आजूबाजूच्या तांड्यांवर आणि वाड्यांवर पुकारा केला होता, की आज झाडावरच्या माणसाचा निकाल लागणार. बुवांनी पहाटे उठून प्रार्थना केली आणि सूर लावून पाहिला. सायकलच्या पंपासारखा काही आवाज निघाला. त्यांना वाटलं, सकाळी पंप, तर संध्याकाळपर्यंत प्रभू पेटी करील.

दिवस कलला तशी जीपगाड्या भरभरून आल्या. रूपसिंगनं थ्रेशर बंद केला होता आणि त्याची किल्ली येणाऱ्याजाणाऱ्याला खिशातून काढून दाखवत होता. आकाश शेंदरी झालं होतं, वावरांवरून धूर आणि ओलसर गारवा चौकात येत होता, आणि उंबर इतका निश्चल होता, की खरंच कोणीतरी आत श्वास धरून बसलं आहे असं वाटावं. बुवा उभे राहिले. फेटा बांधलेला, चिपळ्या हातात. सारा चौक गप्प झाला. बुवांनी वर पाहिलं, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

फुस्स.

जफरचा हात आपोआप स्क्रू काढण्याकडे गेला, आणि लोक हसले. बुवांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. हसणं वाढलं, मग ओसरलं. गुरं परतल्याची घंटा तेवढी वाजत होती. मागे ट्रॉलीपाशी भुरीबाई उठली. ती कोणाला ऐकू जावं म्हणून बोलली नाही, पण चौक इतका गप्प होता की सगळ्यांना ऐकू गेलं.

"चाला. कोनी गेलं असतं त्याच्या घरी, त बुवानं त्याच दिवशी सांगतलं असतं." आणि ती घराकडे वळली.

बुवा तिच्या पाठीकडे पाहत राहिले. आठवडाभर ज्या सुराला ते जपून बसले होते, तो आता घशात नव्हताच. राहिली होती नुसती गोष्ट, आणि ती पाठ फिरवून चालली होती. बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या. ओट्यावरून उतरले. सतरंजीवरच्या लोकांच्या पायांतून वाट काढत, फेटा सावरत, ते धावले. हो, धावलेच. साठीचा माणूस, बायकांनी पाय आखडून घेतले, कोणीतरी म्हणालं, बुवा चालले कुठं. रस्त्याच्या वळणावर त्यांनी भुरीबाईला गाठलं. पुढे जाऊन उभे राहिले, हात जोडले. मग तिच्या घराकडे बोट केलं. मग आपल्या छातीवर हात ठेवला आणि घास तोंडात घालायची खूण केली.

भुरीबाईनं मागे वळून पाहिलं, की आपल्यामागे आणखी कोणी उभं आहे का.

"माह्या घरी?"

बुवांनी मान हलवली. होय.

"जेवाले?"

होय.

"आज?"

बुवांनी इतक्या जोरानं मान हलवली, की फेट्याचा शेमला सुटून खांद्यावर आला.

भुरीबाईची जी तारांबळ उडाली ती पाहण्यासारखी होती. ती पुढे, तिच्यामागे बुवा आणि त्यांच्यामागे सारं कीर्तन. लोकांना काही कळत नव्हतं, पण कथा जिकडे जाते तिकडे जायचं एवढं ठाऊक होतं. तिनं चुलीपुढून शेळीचं पिल्लू हाकललं, पोतं अंथरलं, पुन्हा उचललं, त्यावर लुगडं अंथरलं. घरात सकाळची ज्वारीची भाकर होती आणि अंबाडीची भाजी. बुवा मांडी घालून बसले आणि पहिला घास घेतला. दारात, खिडकीत, कुडाच्या फटीत गाव दाटलं होतं.

मग कुजबूज सुरू झाली. एक जण म्हणाला, बुवा पाहा कुठं बसले. दुसरी म्हणाली, चार वर्सं मी म्हणतो आमच्याकडे चहाले या, तर येत नाही, अन् इथं भाकर. तिसरा म्हणाला, "साऱ्या गावात यायले हेच घर भेटलं का."

बुवांचा घास तोंडातच थांबला. हे शब्द त्यांना पाठ होते. शास्त्रात आहेत. सर्व लोक कुरकुर करू लागले, की हा पापी माणसाच्या घरी उतरायला गेला. इतकी वर्षं बुवा ही कुरकुर नाकातल्या आवाजात करून लोकांना हसवत आले होते. आज ती कोणी न शिकवता दारातून येत होती, शब्दाला शब्द. त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं, की अरे हीच ती ओळ. ओरडता येत नव्हतं, म्हणून त्यांनी आणखी भाजी मागितली.

उलगडा जफरला झाला. तो खिडकीच्या गजाला धरून बघत होता. त्यानं अचानक रूपसिंगला कोपरानं ढोसलं.

"रूपसिंगभाऊ, कीर्तन बंद नाई पडलं. चालू हाये. हे त्या झाडवाल्याचं घर हाये."

रूपसिंगनं आत पाहिलं, बुवांकडे, भाकरीकडे, भुरीबाईकडे. "मनजे तो त्याच्या घरी जेवाले आला?" त्यानं विचारलं. "असल्याच्या घरी?" बुवांनी घास गिळला आणि दोन्ही हात पसरून मान हलवली. कुजबूज हळूहळू विरत गेली. रूपसिंगच्या मागून कोणी तरी दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला सांगितलं, आणि पार रस्त्यापर्यंत बातमी गेली, की उतरला, पडला नाही, त्याला हाक मारून उतरवलं.

एवढ्यावर गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण भुरीबाई उठून उभी राहिली. शिडी लावली आणि माळ्यावर चढली. वरून भांडी खाली यायला लागली. पितळेचे गुंड, परात, कासंडी, नक्षीचा तांब्या. भट्टीच्या दिवसांत ज्याच्याजवळ पैसे नसत तो दारूपायी घरचं भांडं ठेवून जाई, तेच हे.

"भट्टी मोडली," ती वरूनच बोलत होती, "पन हे भांडे काही सुटत नवते मले. कोन्या तोंडानं नेऊन देऊ? मले कोनी दारात उभं करत नाई, अन् माह्या दारात कोनी येत नाई. आता आले तुमी सारे. आपापलं वळखा अन् घेऊन जा."

लोकांनी ओळखलं. ओळखलं ते मात्र बायकांनी. एक मोठं घंगाळ खाली आलं तशी रूपसिंगची बायको रामीबाई गर्दीतून पुढे झाली. तिनं घंगाळ उलटं केलं, बुडावरचं आपल्या माहेरचं नाव वाचलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"हे त जत्रेत चोरीले गेलतं ना?"

रूपसिंग खिशातली किल्ली चाचपू लागला. त्या संध्याकाळी डॉक्टरांनी न सांगताच गावातल्या बऱ्याच पुरुषांचा आवाज गेला.

बुवा पोत्यावर तसेच बसून होते. शास्त्रात तो माणूसही असाच उठून उभा राहतो आणि घेतलेलं परत करतो. भुरीबाईला हे कोणी सांगितलं नव्हतं. बुवा ते सांगणार होते, तर त्यांच्या तोंडात सोयाबीनचं कुटार होतं. बुवांच्या डोळ्यांतलं पाणी अंबाडीच्या भाजीत पडलं. नलूबाई दारातच उभी होती. ती आत आली, त्यांच्या शेजारी बसली आणि भुरीबाईला म्हणाली, "बाई, मलेही वाढ."

आवाज त्याच आठवड्यात परत आला, आणि पहिल्यापेक्षा गोड आला. बुवा खांद्यावर उपरणं टाकून चौकात गेले, म्हणाले, उत्तरार्ध राहिला आहे, कधी ठेवू या. रूपसिंग मवाळ झाला होता. म्हणाला, "राहू द्या बुवा. आता काय सांगता? मालूम हाये आमाले." बुवांनी जफरला विचारलं, तर त्याचा भोंगा लग्नाला गेलेला. बुवा परत येऊन मशीनवर बसले. दुपारी डुलकी लागली तेव्हा उंबराची फांदी रिकामी होती, जरा हलत होती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी बुवा फुलसावंगीच्या जीपमध्ये बसले. पुढच्या बाकावर दोन परगावच्या बायकांच्या मधे भुरीबाई, मांडीवर शेळीचं पिल्लू. ती त्यांना गोष्ट सांगत होती. कशी हाक मारली, कसा तो उतरला, कसा पाहुणा घरी आला, पोत्यावर बसला, ज्वारीची भाकर खाल्ली आणि अंबाडीची भाजी पुन्हा मागून घेतली.

बुवांना राहवलं नाही. अंबाडीचा शास्त्रात कुठेही उल्लेख नाही. पोतंही नाही. आवाज होता, शब्द तयार होते, त्यांनी घसा साफ केला आणि पुढे वाकले.

तेवढ्यात परगावची म्हातारी भुरीबाईला विचारत होती, की मग काय झालं, पाहुणा जेवला आणि गेला?

"कायले जाते वं," भुरीबाई म्हणाली. "हाये ना घरातच."

बुवा मागे टेकले. जीप वावरांमधून चालली होती, कापूस फुटलेला होता. त्यांनी तोंड मिटून घेतलं, या खेपेला आपणहून.

तर अशी ही गोष्ट. बुवांचा तो उत्तरार्ध त्या गावानं अजून ऐकलेला नाही, आणि मलाही तो गाता येत नाही. तुम्ही एवढं करा. संध्याकाळी प्रार्थनेला बसाल, आपल्या माणसांची नावं एकेक करून घ्याल, तेव्हा त्यात भुरीबाईचं नाव घ्या.